उजव्या हाताची चार बोटं गेली, कामही गेलं: नुकसानभरपाई ५० टक्क्यांवर थांबते की पूर्ण मिळते?

मयूरी_चुंचाळे · १४ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी. दादाच्या अपघाताबद्दल सल्ला हवा आहे. इथे नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये आयुष्य काढलेले, कोर्टाचं काम जाणणारे बरेच जण आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

दादा अपघाताच्या वेळी पूर्ण ४० वर्षांचा होता. मूळ गाव पेठ तालुक्यात, राहायला चुंचाळ्याला. अंबड एमआयडीसीतल्या एका लहान शेडमध्ये पॉवर प्रेसवर ऑपरेटर होता. सगळे मिळून आठ माणसं. दहावी नापास, पण डाय बांधणं, सेटिंग करणं, नवीन पोराला शिकवणं हे सगळं त्याच्याकडेच असायचं. ओव्हरटाइम धरून महिन्याला १८ हजारांच्या आसपास मिळायचे. पैसे ठेकेदार फोनपेवर टाकायचा. पगाराची पावती कधी हातात आली नाही.

मे २०२४ मध्ये रात्रपाळीला पीस काढताना स्ट्रोक रिपीट झाला, म्हणजे प्रेस आपोआप दुसऱ्यांदा खाली आली. उजव्या हाताची तर्जनीपासून करंगळीपर्यंत चारही बोटं मुळापासून गेली. अंगठा शाबूत आहे. पहिल्या ऑपरेशनचा खर्च मालकांनी केला, पुढचा आम्ही वहिनीचं सोनं गहाण ठेवून केला.

दिव्यांग प्रमाणपत्रावर ४२ टक्के लिहून आले आहेत. मालक म्हणतात, ४२ टक्के म्हणजे बाकीचा माणूस धडधाकट आहे. अडीच लाख घ्या, स्टॅम्पपेपरवर सही करा आणि विषय संपवा. आधी वॉचमनचं काम देतो म्हणाले होते, नऊ हजारांवर. दादा ते करायलाही तयार होता. दिवाळीनंतर "आता जागा नाही" असं सांगून तेही बंद केलं. तेव्हापासून तो घरी आहे. चार-पाच ठिकाणी विचारून आला, हात बघितला की लोक पुढे बोलत नाहीत.

आता ठेकेदार म्हणतो की प्रेसचा सुरक्षेचा सेन्सर दादानेच बंद करून ठेवला होता, त्यामुळे खरं तर काहीच मिळणार नाही, अडीच लाख म्हणजे उपकार. हे खरं आहे का? आणि माणूस उभं आयुष्य जे काम करत आला तेच त्याच्याकडून गेलं, तर कायदा फक्त बोटं मोजतो का?

---

प्रेसशॉप_जुना · १४ सप्टेंबर २०२५

ताई, पहिलं म्हणजे कशावरही सही करू नका. कोऱ्या कागदावर, व्हाउचरवर, "मिळाले" म्हणून रजिस्टरमध्ये, कुठेही नाही.

सेन्सरचं म्हणाल तर सातपूरच्या प्रेसशॉपमध्ये आयुष्य गेलं माझं. सेन्सर ऑपरेटर बंद करत नाही, टार्गेट बंद करतं. लाइट कर्टन, म्हणजे हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर, लावला की तासाचे पीस कमी होतात, मग सुपरवायझर म्हणतो बायपास मारा. दोन हातांची बटणं असतात, त्यातलं एक काडी खुपसून दाबून ठेवलेलं असतं आणि ते सगळ्यांना दिसत असतं. अपघात झाला की मात्र काडी कामगाराची होते.

रात्रपाळीला बरोबर कोण होतं त्यांची नावं आजच लिहून ठेवा. माणसं पुढे बदलतात, गावी जातात. शिफ्टचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, फोनपेच्या नोंदी, पहिल्या दवाखान्याचा केसपेपर हे सगळं जपा. त्या केसपेपरवर "कामावर असताना मशिनमध्ये हात सापडला" असं लिहिलंय का ते आधी बघा. बऱ्याचदा सोबत गेलेला माणूस "घरी पडला" असं सांगून येतो.

आणि एक विचारतो: पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापत होते का?

---

मयूरी_चुंचाळे · १४ सप्टेंबर २०२५

नाही दादा, ईएसआय नव्हतं. आठच माणसं होती. केसपेपरवर "प्रेस मशिन इंज्युरी" असं स्पष्ट लिहिलंय, आत्ताच बघितलं.

---

वकील_गंगापूररोड · १५ सप्टेंबर २०२५

मयूरी, मी कामगारांच्या बाजूने हीच कामं चालवते. जरा लांब लिहिते, कारण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी देऊन ठेवलंय आणि ते कामगारांपर्यंत पोचतच नाही.

शेडमध्ये दहापेक्षा कमी माणसं आणि ईएसआयची नोंदणी नाही, तेव्हा लागू होतो तो १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा. जिथे विजेवर उत्पादन चालतं तिथे हा लागू होतो, मग माणसं आठ असोत की दोन. ठेकेदारामार्फत होता म्हणून मालक सुटत नाही. कलम १२ प्रमाणे मूळ मालकाकडून मागता येतं, ठेकेदाराकडून वसूल करायचं ते त्याने बघावं. दाव्यात दोघांनाही सामनेवाले करा.

हिशोब असा. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर मासिक वेतनाच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणांक. वेतन कितीही असलं तरी ३ जानेवारी २०२० पासून १५ हजारच धरलं जातं. पूर्ण ४० वर्षांसाठी गुणांक १८४.१७. म्हणजे ९,००० गुणिले १८४.१७, रुपये १६,५७,५३०. अंशतः अपंगत्व असेल तर याच रकमेचे तितके टक्के. पहिल्या परिशिष्टाच्या दुसऱ्या भागात एका हाताची चार बोटं जाणं म्हणजे कमाईची क्षमता ५० टक्के गेली असं कायद्यानेच ठरवून दिलंय. म्हणून प्रमाणपत्रावरचे ४२ इथे चालतच नाहीत. अगदी कमीत कमी धरलं तरी ८,२८,७६५ रुपये होतात, वर व्याज. अडीच लाखांचा आकडा कुठून आला ते त्यांनाच विचारा.

आता मुख्य मुद्दा, ५० की १००. पूर्ण अपंगत्वाची कायद्यातली व्याख्या अशी आहे की अपघाताच्या वेळी कामगार जी जी कामं करू शकत होता, त्या सगळ्यांसाठी तो असमर्थ झाला पाहिजे. जगातल्या सगळ्या कामांसाठी नव्हे. डिसेंबर १९७५ मध्ये चार न्यायमूर्तींच्या पीठाने एका सुताराच्या प्रकरणात हेच लावलं (१९७६, १ एससीसी २८९; एससीसी म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल छापणारी मालिका). सिनेमागृहात सजावटीचं काम करताना तो पडला, डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचं म्हणणं होतं की परिशिष्टात याचे ७० टक्के लिहिलेत, तेवढेच द्या. न्यायालय म्हणालं, सुतारकाम एका हाताने होत नाही, तेव्हा हे पूर्ण अपंगत्व. पन्नास वर्षं होत आली या निकालाला आणि आजही रोज तो दाखवावा लागतो.

डिसेंबर २०१९ चा कर्नाटकातल्या एका ट्रकचालकाचा निकाल आहे (२०२०, १ एससीसी ७९६). डॉक्टरांनी संपूर्ण शरीराचं ३७ टक्के अपंगत्व सांगितलं होतं. उजवा पाय अधू झाल्यावर तो पुन्हा गाडी चालवू शकणार नव्हता, म्हणून कामाच्या दृष्टीने १०० टक्के धरलं. मोटार अपघाताच्या कायद्याखालचा २०१० चा आणखी एक निकाल आम्ही नेहमी वाचून दाखवतो (२०११, १ एससीसी ३४३). त्यात समजावलंय की डावा हात गेला तर शरीराचं अपंगत्व साधारण ६० टक्के येईल, पण तो माणूस चालक किंवा सुतार असेल तर कमाईचं नुकसान जवळपास शंभर टक्के, आणि सरकारी कारकून असेल तर त्याची नोकरी टिकूही शकते.

पण कोणी "शंभर मिळतीलच" म्हणालं तर विश्वास ठेवू नका. २००७ च्या एका निकालात (२, एससीसी ३४९) उच्च न्यायालयाने काहीही आधार न दाखवता १०० टक्के धरले होते, ते सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. तेव्हा पुरावा लागतो. दादा काय काम करायचा, त्यात उजव्या हाताची पकड कुठे कुठे लागते, दुसरं काय शिक्षण आहे, कुठे कुठे काम मागितलं आणि काय उत्तर मिळालं, हे सगळं प्रतिज्ञापत्रात आणि डॉक्टरांच्या जबाबात यायला हवं.

सेन्सरचं उद्या लिहिते, ते फार महत्त्वाचं आहे.

---

लघुउद्योजक_अंबड · १५ सप्टेंबर २०२५

इथे मालकाची बाजू मांडणारा कोणी नाही म्हणून लिहितो. मी स्वतः जॉबवर्क करतो, बारा माणसं आहेत. मयूरीताई, तुमच्या भावाचं झालं ते फार वाईट झालं आणि अडीच लाख ही रक्कम मलाही पटत नाही.

पण १६ लाख अधिक व्याज म्हणजे आठ माणसांची शेड बंद होते, हे लक्षात घ्या. मोठी कंपनी पीसमागे पैशांत भाव देते, बिल तीन महिन्यांनी काढते. सेन्सर लावलेल्या प्रेससाठी जादा दर द्या म्हटलं तर पुढच्या गल्लीतल्याला ऑर्डर जाते. ज्या कंपनीसाठी ते पीस बनले तिच्यावर कुठलीच जबाबदारी नाही. हे मला अन्यायाचं वाटतं.

मालकांकडे नुकसानभरपाईची विमा पॉलिसी आहे का ते विचारा. अंबडमध्ये बरेच जण ती काढतात, पण हप्ता वाचवायला कागदावर माणसं कमी दाखवतात आणि ठेकेदाराची माणसं धरतच नाहीत. दुर्घटना झाली की विमा कंपनी तिथेच अडवते. मी सगळ्या माणसांची काढली आहे, वर्षाला जो हप्ता जातो तो एका अपघातापुढे काहीच नाही. सगळ्या छोट्या मालकांना माझी कळकळीची विनंती आहे, ठेकेदाराची माणसंही धरा.

---

प्रेसशॉप_जुना · १५ सप्टेंबर २०२५

साहेब, तुमचं म्हणणं खोटं नाही. दर कोण पाडतं ते आम्हीही बघितलंय. पण शेड बंद पडेल ही भीती एका बाजूला आणि ज्याचा हात बंद पडला तो माणूस दुसऱ्या बाजूला. त्याला तर पुढच्या गल्लीतही ऑर्डर मिळत नाही.

---

वकील_गंगापूररोड · १६ सप्टेंबर २०२५

उद्योजक साहेबांनी पॉलिसीचं सांगितलं ते अगदी बरोबर. असेल तर विमा कंपनीलाही पक्षकार करायचं. मात्र उशिरा पैसे दिल्याबद्दलचा दंड विमा कंपनीच्या माथी येत नाही, तो मालकालाच भरावा लागतो. १९९७ मध्ये वाहनविम्याच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने असं सांगितलंय.

व्याज आणि दंड वेगळे. अपघात झाला त्याच दिवशी रक्कम देय होते. एक महिन्यात दिली नाही तर १२ टक्के सरळ व्याज, आणि उशिराला योग्य कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. व्याज निकालाच्या तारखेपासून नव्हे तर अपघातापासून, हे २०१२ मध्ये पुन्हा पक्कं झालं (१२ एससीसी ५४०). १६,५७,५३० वर वर्षाचं व्याजच १,९८,९०३ रुपये होतं. "केस लांबवू, ते थकतील" हा हिशोब मालकाला परवडणारा नाही, हे त्यांना शांतपणे सांगा.

आता सेन्सर. कलम ३ मध्ये मालकाला तीन बचाव आहेत: कामगार दारू किंवा नशेत होता, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम त्याने मुद्दाम मोडला, किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकलं. पण त्याच कलमात लिहिलंय की मृत्यू झाला असेल किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर हे बचाव चालत नाहीत. म्हणजे ५० की १०० हा वाद नुसता रकमेचा राहत नाही. अपंगत्व पूर्ण ठरलं तर सेन्सरची सगळी गोष्टच गळून पडते. आणि अंशतः ठरलं तरी "मुद्दाम काढला" हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. साधा हलगर्जीपणा त्यात बसत नाही. बायपास सुपरवायझरच्या डोळ्यांसमोर रोज चालत असेल तर मालक कुठल्या तोंडाने म्हणणार?

स्टॅम्पपेपरबद्दल. कायद्याखालचा हक्क सोडून देणारा करार कलम १७ प्रमाणे रद्दबातल आहे. तडजोड करायचीच असेल तर ती या कायद्याखालचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांकडे नोंदवावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. नोंदवलीच नाही तर मालकावर पूर्ण रकमेची जबाबदारी राहते, आणि आधी दिलेल्या पैशांपैकी निम्म्याहून जास्त वजावट त्याला सहसा मिळत नाही. ज्यांनी आधीच सही करून दिली आहे त्यांनीही म्हणून हातपाय गाळू नयेत.

मुदत दोन वर्षांची आहे, तुमची मे २०२६ ला संपते. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका. औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मागता येतो, त्याला कमाल मर्यादा नाही. सोनं गहाण ठेवून भरलेली बिलं सगळी जोडा.

वकिलाची फी झेपत नसेल तर सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. औद्योगिक कामगार आणि दिव्यांग व्यक्ती, दोघांनाही मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. दादा दोन्हींत बसतो.

---

अस्थितज्ञ_नाशिक · १६ सप्टेंबर २०२५

डॉक्टर म्हणून थोडं लिहितो, कारण या सगळ्या घोळाचं मूळ आमच्या टेबलावर आहे.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आम्ही मोजतो ते शरीर: कुठलं बोट कुठल्या पेऱ्यातून गेलं, सांधा किती वाकतो, पकड किती, संवेदना किती. त्याचं सूत्र ठरलेलं आहे आणि ते सवलती, पेन्शन, बसपास यांसाठी ठीक आहे. रुग्ण काय काम करतो हे त्या फॉर्ममध्ये विचारलेलंच नसतं. एकाच हाताचे टक्के प्रेस ऑपरेटरचे आणि बँकेतल्या मॅनेजरचे सारखेच येतात.

नुकसानभरपाईसाठी जे लागतं ते वेगळं: कमाईची क्षमता किती गेली. यासाठी डॉक्टरकडे परत जा आणि कामाचं वर्णन कागदावर लिहून न्या. किती किलोची डाय उचलायचा, पाना कुठल्या हाताने फिरवायचा, पत्रा धरताना चिमटीत किती जोर लागायचा. अंगठा राहिला आहे हे खरं, पण समोर टेकायला एकही बोट नसेल तर अंगठा पकड देत नाही. पेनही नीट धरता येत नाही. हे अहवालात शब्दांत लिहून घ्या, नुसता आकडा घेऊ नका.

आमच्यातले काही जण साक्षीला जायला टाळाटाळ करतात, तारखा पडतात, ओपीडी बुडते. तरी आग्रह धरा. उलटतपासणीत टिकतो तो साधा, स्पष्ट अहवाल.

---

वकील_गंगापूररोड · १६ सप्टेंबर २०२५

डॉक्टर, मनापासून आभार. जी इजा परिशिष्टात नाही, उदाहरणार्थ मनगट आखडणं किंवा मणक्याची दुखापत, तिच्यात तर सगळं डॉक्टरांच्या मूल्यमापनावरच उभं असतं. तुमच्यासारखं लिहून देणारे पाच डॉक्टर नाशकात मिळाले तरी फार लोकांचं भलं होईल.

एक जोड देते. आयुक्तांनी पुरावा बघून टक्के ठरवले की उच्च न्यायालयाने ते उगाच बदलायचे नसतात. अपील फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर होतं. २०१७ मध्ये छापलेल्या एका निकालात (१ एससीसी ४५) सर्वोच्च न्यायालयाने हे ठणकावून सांगितलंय. आणि मालकाला अपील करायचं तर आधी पूर्ण रक्कम आयुक्तांकडे भरावी लागते. त्यामुळे खरी लढाई पहिल्याच ठिकाणी होते. पुरावा तिथेच भरपूर घाला.

---

सिडको_त्रिमूर्ती · १७ सप्टेंबर २०२५

माझी केस ईएसआयची आहे, थोडी वेगळी. २०२२ मध्ये एका मोठ्या कारखान्यात कन्व्हेअरमध्ये हात गेला. पगार २१ हजारांच्या आत होता म्हणून ईएसआय. घरी होतो तोपर्यंत वेतनाच्या ९० टक्के मिळत राहिले, तक्रार नाही. नंतर मेडिकल बोर्डाने कमाईची क्षमता २० टक्के गेली असं ठरवलं, त्या प्रमाणात दरमहा पैसे सुरू झाले, ते आयुष्यभर मिळणार. पण कंपनीने "फिट नाही" म्हणून वर्षभरात काढलं. २० टक्के क्षमता गेलेल्या माणसाला १०० टक्के कामावरून काढलं, हे कसं? मी मयूरीताईंसारखा १९२३ च्या कायद्याखाली दावा करू शकतो का?

---

वकील_गंगापूररोड · १७ सप्टेंबर २०२५

नाही करता येणार. ईएसआय कायद्याचं कलम ५३ आड येतं, विमाधारकाला त्याच इजेसाठी मालकाकडून वेगळी नुकसानभरपाई मागता येत नाही. तुमचा रस्ता म्हणजे बोर्डाच्या टक्केवारीविरुद्ध मेडिकल अपील ट्रायब्युनल किंवा थेट ईएसआय कोर्ट. निर्णय मिळून किती काळ झाला ते कळवा, मुदतीचा प्रश्न येईल.

काढून टाकण्याबद्दल: तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना काढायला कलम ७३ ने मनाई आहे. तो लाभ बंद झाल्यावर खाजगी कंपन्या "सततची अनारोग्यता" हे कारण देतात, कारण औद्योगिक विवाद कायद्यात ते कामगार कपातीच्या व्याख्येतून वगळलेलं आहे. पण बोर्ड २० टक्के म्हणतं आणि कंपनी पूर्ण निरुपयोगी म्हणते, ही विसंगती कामगार न्यायालयात मांडण्यासारखी आहे. काढल्याचं पत्र मला खाजगी निरोपात पाठवा.

ईएसआयवाल्यांसाठी आणखी एक: ठेकेदाराने तुमची वर्गणी कापून भरलीच नसेल तरी घाबरू नका. महामंडळ लाभ देऊन तो पैसा मालकाकडून वसूल करू शकतं.

---

लालपरी_डेपो · १८ सप्टेंबर २०२५

एसटीत आम्हाला वेगळं संरक्षण आहे, ते इथे लिहून ठेवतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम २० पोटकलम ४. सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं, जागा नसेल तर निवृत्तीपर्यंत जादा पद तयार करून ठेवायचं. गेल्याच महिन्यात, ऑगस्ट २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणाच्या परिवहन महामंडळातल्या रंगांधळेपणामुळे घरी बसवलेल्या चालकाला पर्यायी काम द्यायला लावलं.

प्रेसशॉपच्या कामगाराला हे का नसावं? हात त्याचाही तसाच जातो. आमच्यातला एक चालक पाय गेल्यावर आज डेपोत कंट्रोलरच्या टेबलावर आहे, पोरं शिकतायत. मयूरीताईंच्या दादाला वॉचमनची नोकरीसुद्धा टिकू दिली नाही.

---

सॅनहोजेकर · १९ सप्टेंबर २०२५

मूळचा पंचवटीचा, बरीच वर्षं कॅलिफोर्नियात. इथल्या गोदामांत सुरक्षेचं काम बघतो, म्हणून या विषयाशी रोजचा संबंध. इथेही अपंगत्वाची टक्केवारी आणि काम जाणं या दोन वेगळ्या गोष्टी मानतात. अपंगत्व कायमचं राहिलं आणि मालकाने ६० दिवसांत नेहमीचं, बदललेलं किंवा पर्यायी काम देऊ केलं नाही, तर २०१३ नंतरच्या अपघातांसाठी नवं काम शिकायला ६,००० डॉलरचं व्हाउचर मिळतं. विस्थापित कामगाराचा लाभ असंच त्याला म्हणतात. १९८३ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने असंही म्हटलं की पुन्हा प्रशिक्षण देऊनही जो कामाला लावता येत नाही, त्याचं ते न जमणं अपंगत्वाच्या टक्क्यांत धरलं पाहिजे.

सगळं आलबेल नाही. व्हाउचर घेऊन अर्धवट कोर्स केलेले आणि परत बेकार झालेले कामगार मी बघितलेत. पण पर्यायी काम देण्याला मुदत असते, हे मला फार मोलाचं वाटतं. तुमच्या मालकाने वॉचमनची नोकरी दिली आणि काढून घेतली, तो सगळा काळ आणि ते शब्द दाव्यात नक्की लिहा.

---

रामशेज · २१ सप्टेंबर २०२५

मी गोंद्याजवळच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. आमच्याकडे बिहार, उत्तर प्रदेशची पोरं खूप. बोट गेलं, हात गेला की ठेकेदार तिकीट काढून देतो, वर दहा-वीस हजार, आणि पोरगा गावी. परत कधी दिसत नाही. खोलीतली त्याची गादी दुसऱ्याला दिली जाते. या पोरांना नाशिकला तारखेला येणं कसं जमणार? जिथे राहतात तिथून काही करता येतं का?

---

वकील_गंगापूररोड · २१ सप्टेंबर २०२५

येतं, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचे खास आभार. कलम २१ प्रमाणे अपघात झाला त्या भागात, कामगार राहतो त्या भागात किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय आहे तिथे, तिन्हीपैकी कुठेही दावा करता येतो. गयेला राहणारा पोरगा तिथल्या आयुक्तांकडे अर्ज करू शकतो. दोन वर्षांच्या आत मात्र हवा. तुम्ही सुपरवायझर आहात, तुमच्याकडे एक मागणं आहे: पोरगा गाडीत बसण्याआधी त्याच्या केसपेपरचा फोटो, ठेकेदाराचं पूर्ण नाव आणि कारखान्याचा पत्ता त्याच्या मोबाइलमध्ये घालून द्या. हे तिघं नसले की गावाकडचा वकील काहीच करू शकत नाही.

---

मयूरी_चुंचाळे · २६ ऑक्टोबर २०२५

सगळ्यांचे आभार मानायला शब्द अपुरे आहेत. विधी सेवा प्राधिकरणातून वकील मिळाले. मालक, ठेकेदार आणि विमा कंपनी तिघांवर दावा दाखल झाला. पॉलिसी निघाली, पण त्यात पाचच माणसं दाखवलीत आणि दादाचं नाव नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दोन पानी अहवाल घेतला, त्यात "पकड जवळपास शून्य" असं आहे. रात्रपाळीचा एक जण साक्षीला तयार झालाय, दुसरा त्याच शेडमध्ये आहे, तो नाही म्हणाला. त्याचा राग येत नाही, त्यालाही पोट आहे.

दादा सध्या डाव्या हाताने लिहायला शिकतोय. वहिनी कंपनीच्या कँटीनमध्ये लागली.

---

सिडको_त्रिमूर्ती · १२ डिसेंबर २०२५

धागा वर काढतो. २१ नोव्हेंबरपासून नवीन कामगार संहिता लागू झाल्यात, जुना १९२३ चा कायदा गेला असं सगळीकडे फिरतंय. मयूरीताईंच्या केसचं काय? माझ्या अपिलाचं काय?

---

वकील_गंगापूररोड · १३ डिसेंबर २०२५

गेले काही दिवस हाच प्रश्न रोज येतोय. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ने नुकसानभरपाईचा आणि ईएसआयचा, दोन्ही कायदे आपल्यात घेतले आहेत. सातवं प्रकरण नुकसानभरपाईचं आहे, पूर्ण अपंगत्वाला ६० टक्के, मृत्यूला ५० टक्के हे सूत्र तिथेही तेच. घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातही, कामाशी संबंध दिसत असेल तर, आता नुकसानभरपाईच्या तरतुदीतच आलाय. आपल्याच मराठवाड्यातल्या साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या कुटुंबाला जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच न्याय दिला होता. तो २००३ मध्ये पहाटेच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला होता आणि वाटेत गेला.

मयूरीच्या दादाचा अपघात मे २०२४ चा आणि दावा संहितेच्या आधी दाखल झालेला. हक्क अपघाताच्या दिवशी जन्माला आला, तेव्हा तो जुन्या कायद्याप्रमाणेच चालेल. तुमच्या अपिलाचंही तेच. कोणी "कायदा बदलला, आता तडजोड करून टाका" म्हणालं तर ऐकू नका. अशा वावड्या मुद्दाम उठवल्या जातात. ज्यांचे अपघात २१ नोव्हेंबरनंतरचे आहेत त्यांनी अर्जात संहितेची कलमं घालावीत. आणि ज्यांचे आधीचे असून अजून दावाच केलेला नाही, त्यांनी तारीख बघून लगेच कळवावं. जानेवारीतल्या दर शनिवारी दुपारी मी कोर्टाच्या आवारात बसते, कागद घेऊन या, फी घेत नाही.